जिममधली काकू

३ जानेवारी, सकाळ.
संकल्प. हिला दोन्ही हातांवर उचलून तीन मजले खाली न्यायचं. इमारतीला लिफ्ट नाही, आणि हिच्या पायांनी दगा दिल्यापासून ही घरातच. काल खिडकीतून खालच्या बाकाकडे बघत म्हणाली, एकदा तिथे उन्हात बसायचंय. डॉक्टर म्हणतात, स्नायू असेच झिजत जाणार. डॉक्टरांना काय, बोलायला पैसे पडतात? लेक म्हणाली, खुर्चीसकट उचलणारी दोन माणसं बोलावते. मी काय हातपाय मोडून बसलोय?

४ जानेवारी.
जिम लावली. ट्रेनरने हिचं वजन विचारलं आणि तेवढी वाळू एका पिशवीत भरून दिली. वर पिशवीचं नाव ठेवलं काकू! त्याचं तत्त्व असं : स्नायू पार थकवायचे, आणि हात उठेनासे झाले की म्हणायचं, ‘आणखी एक!’ त्या शेवटच्या एकातच ताकद वाढते. पटलं.

५ जानेवारी.
हात उठेनासे झाले आहेत. अक्षर म्हणून असं. शर्ट डोक्यावरून निघेना. ही पलंगावरून सूचना देत होती आणि हसत होती. किती दिवसांनी हसली! आज विश्रांती. विश्रांतीतही स्नायू वाढतात म्हणे. हा भाग मला चांगला जमेल.

१९ जानेवारी.
सायकलवर उत्तम प्रगती. ट्रेनर म्हणाला, काका, सायकलीने दम वाढेल, काकू नाही उचलता येणार. दोन्ही थकवे वेगळे. काकूला घेऊन जिमच्या जिन्यावर गेलो. चार पायऱ्या चढलो आणि तिला खाली ठेवलं. पिशवी धरायला नीट येत नाही. माणसाचं तसं नसतं.

२२ जानेवारी.
ट्रेनर आज विचारतो, तुम्हाला उतरायचंय ना, मग चढताय कशाला? उतरताना वजन तोलून मांड्या जास्त ठणकतात, आणि त्याही दुसऱ्या दिवशी. हे आधी सांगायला काय झालं होतं?

२३ जानेवारी.
ठणकल्या. कमोडवर बसलो नाही, पडलो. उठायला टॉवेलचा दांडा धरला, तो हातात आला. हिने विचारलं की नक्की कोण कुणाला उचलणार आहे.

१० फेब्रुवारी.
हिच्या व्यायामाला फिजिओथेरपीच्या ताई येतात. फारच मऊ बाई. हिने चारदा हात उचलला की पुरे म्हणतात. त्या गेल्यावर मी जिमची रीत लावली. आणखी एक, आणखी एक! हिने माझ्यासाठी केलं.

११ फेब्रुवारी.
हिला चमचा धरवेना. ताई पहिल्यांदाच चिडल्या. म्हणाल्या, तुमचा थकवा झोपून उठलात की भरून निघतो, ह्यांचा निघत नाही. मी म्हटलं, काल हवा गार होती, त्याने असेल. मग बाल्कनीत जाऊन रडलो. हवा गारच होती.

६ जून.
उतरतानाही काकू अजून चार पायऱ्यांवरच. जिममध्ये सगळे विचारतात, आज काकू काय म्हणते? उन्हाळा संपला की बघा म्हणावं.

२१ नोव्हेंबर, दुपार.
जिंकलो! लेक आली होती. हिचे हात माझ्या गळ्यात टिकेनात, म्हणून लेक ते धरून बाजूने उतरली. तीन मजले एका दमात! ही पायरीपायरीला कानात पुटपुटत होती, ‘आणखी एक, आणखी एक.’ बाकावर ऊन होतं. डोळे मिटून बसली, घरी चला म्हणेना. मला धाप नाही, ठणका नाही. व्यायाम शेवटी अंगी लागला. लेक मात्र तोंड फिरवून उभी होती. आनंदाने असणार.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ.
तोऱ्यात जिममध्ये गेलो. सगळ्यांना बोलावून काकूला उचललं. जिना उतरताना चौथ्या पायरीवर खाली ठेवावं लागलं. ट्रेनरला विचारलं, हिच्यात वाळू वाढवलीस का? तो म्हणाला, नाही काका, जानेवारीत भरली तेवढीच आहे.
तिथेच पायरीवर बसलो. मी होतो तसाच आहे. पिशवीही तशीच. घरातली तेवढी राहिलेली नाही. लेकीला हे कालच कळलं होतं.
जिम बंद. उद्यापासून हिच्या ताटाशी बसायचं आणि प्रत्येक घासाला म्हणायचं, आणखी एक. ह्याला तरी ताई नको म्हणणार नाहीत. हिला उचलताना मला पुन्हा दम लागला पाहिजे.