म्हातारीचा दम

४ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? दादा सांगत होता, व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनाच तुम्ही घाटात गिअर कसा टाकायचा ते शिकवताय. त्यांना सोडा आणि गुडघा वाकवा. वहिनीला जास्त पिडू नका, चहा बेताचा घ्या.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मग मी ओरडते, आणि आपल्या घरची बातमी तुमच्याआधी शेजारच्यांना कळते.

इकडे सगळं झकास. आई मजेत आहे. स्वयंपाकघरातलं हिरवं स्टूल अजूनही डुगडुगतं. त्याच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ती अजूनही त्यावरच चढते, वरचे डबे काढते आणि त्या सुताराच्या नावाने बोटं मोडते. मी नवं आणते म्हटलं तर म्हणाली, "हे माझ्या सवयीचं आहे. नवं आणलंस तर पडेन."

आता आपल्या ट्रकबद्दल, म्हणजे म्हातारीबद्दल. तुम्ही तिला भंगारवाल्याला द्यायचं ठरवलंय आणि परत आलात की तो बघायला येणार, हे मला ठाऊक आहे. पण जाताना तुम्हीच म्हणाला होतात, भरल्या गाडीने टेकडीचा चढ चढून दाखवा, मग विकायचं बघू. मी ते वाक्य घट्ट धरून बसले आहे. बातमी अशी की टेकडीवर नवी शाळा उभी राहिलीय आणि तिच्या सगळ्या खिडक्यांचं काम आपल्या काचवाल्या काकांना मिळालंय. काचा वर कोण नेणार, ते अजून ठरलेलं नाही. मी काकांना म्हटलं, आम्ही. काका म्हणाले, "तुमचा ट्रक? अगं, तो रिकामा चढतानासुद्धा देवाचं नाव घेतो."

मला फार लागलं ते.

वाळू असती तर पायथ्यापासून गाडी पळवली असती आणि त्या झोकात चढून गेलो असतो. काच तशी नेता येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगायचं? तिला हळू, धक्का न देता, खालच्या गिअरमध्येच न्यायला हवं. म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच त्यात ताकद पाहिजे. आणि आपली म्हातारी नेमकी तिथेच मान टाकते. वर मोकळ्या रस्त्याला लागली की गाणं म्हणते, पण चढावर तिला दोन माणसांचंही ओझं होतं.

म्हणून पानेमामांकडे नेली. तुमचे मित्र, तुम्हीच त्यांचं नाव पाडलंत, तेव्हा तक्रार करू नका. नवं इंजिन आपल्याला परवडणार नाही, तर आहे त्यातच काय करता येईल ते बघू असं ते म्हणाले. हवेची जाळी उघडली तर आत चिमणीचं घरटं निघेल इतका कचरा. हवेच्या नळीला चीर गेलेली आणि तिच्यावर तुमचा जुना रुमाल गुंडाळलेला. मामांनी तो दोन बोटांत धरून अख्ख्या गॅरेजला दाखवला. नळी बदलली, व्हॉल्व्हची फट बसवून घेतली, आणि लगेच फरक जाणवला.

ड्रायव्हर बरा आहे. काळजी नसावी.

तुमची,
भिंगरी


१९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर आता सरळ येतंय, म्हणजे तब्येत सुधारतेय. इंजिनाला हात लावायचा नाही असं तुम्ही ठणकावून लिहिलंय. पत्र वाचलं तेव्हा पानेमामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत इंजिनातच होते. मी त्यांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला लिही, हात नाही लावला, मिठी मारली."

तर झालेली कामं सांगते. डिझेल फवारणारे नॉझल काढून तपासले. दोन तर फवारत नव्हते, नुसते गळत होते. डिझेलचा पंप पुन्हा नीट वेळेवर लावला. आणि खरी गंमत पुढे. आपल्याच जातीची एक गाडी भंगारात उभी होती. तिच्या मागच्या आसाचे दाते आपल्यापेक्षा वेगळे, ओढ जास्त आणि पळ कमी देणारे. मामांनी ते उचलून आपल्या म्हातारीला बसवले. ज्या भंगारवाल्याकडे तुम्ही तिला धाडणार होता, त्याच्याकडूनच हे घेतलं. तो म्हणाला, "मला वाटलं गाडी येणार, तर तुम्हीच माल न्यायला आलात!" आता सपाट रस्त्यावर सायकलवाले आपल्याला हात दाखवून पुढे जातात. जाऊ देत.

शुक्रवारी काचेच्या वजनाची वाळूची पोती भरून चढ करून पाहिला. पायथा झाला. पहिलं वळण झालं. दुसरंही झालं, आणि मी आनंदाने ओरडणारच होते, तेवढ्यात पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर म्हातारी थरथरली आणि गप्प झाली. आई चाकाखाली सारायचा दगड घेऊन मागून चालत होती. नाही म्हटलं तरी ऐकत नाही. तिने दगड असा बसवला की तुम्हीसुद्धा पाठ थोपटली असती. वर ट्रकच्या मागच्या फळीवर दोन थापा मारून म्हणाली, "उठ गं, अजून जेवण व्हायचंय माझं."

मामा चक्रावलेत. गॅरेजमध्ये ते बॉनेट उघडून हाताने पंपाचा दांडा ओढतात तेव्हा ती वाघिणीसारखी डरकाळी फोडते. रस्त्यावर मात्र तिला तेवढा आवाजच येत नाही. मामा म्हणतात, ताकद आत आहे, बाहेर का येत नाही ते कळत नाही. आता त्यांना जेवण गोड लागत नाहीये.

तुम्ही विचाराल, चढावर गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हर घाबरला का? थोडा घाबरला. पण ब्रेक वेळेवर लावला आणि गाडी वीतभरही मागे जाऊ दिली नाही. तुमचा निरोप त्याला पोहोचवला. क्लच अर्धा दाबून ठेवायचा नाही, हे त्याला पाठ आहे.

काकांनी पुढच्या आठवड्यापर्यंत मुदत दिलीय. तोवर जमलं नाही तर ते शहरातून दुसरी गाडी बोलावणार. मग मला तुमच्याशी वाद घालायलाही तोंड राहणार नाही. पण बाबा, मला ती गाडी जायला नको आहे. त्यात तुमच्या घामाचा वास आहे, असं काही मी लिहिणार नाही, कारण खरं तर त्यात डिझेलचाच वास आहे. तो मला आवडतो, बस्स.

तुमची,
भिंगरी


२८ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

आधी बसा. वहिनीला पाणी आणायला सांगा.

चढ झाला! खऱ्या काचांनी भरलेल्या गाडीने, टाकीचं वळण पार करून, शाळेच्या दारापर्यंत. एकाही काचेला साधा ओरखडा नाही. काका मागून स्कूटरवर येत होते. दारात पोहोचल्यावर ते स्कूटर स्टँडवर लावायलाच विसरले आणि ती आडवी झाली. पूर्ण मोहिमेत तेवढीच काच फुटली, त्यांच्या आरशाची.

आता कसं झालं ते सांगते. नीट वाचा, कारण यात तुम्ही आहात.

मंगळवारी आई म्हणाली, शाळेत जायचं तर गाडी स्वच्छ हवी. कॅबिन धुवायला ती बादली घेऊन आत शिरली. पायाखालचा रबरी पट्टा उचलला आणि तिने अशी हाक मारली की मामा गाडीखालून डोकं आपटूनच बाहेर आले. अ‍ॅक्सिलरेटरच्या मागे, पट्ट्याखाली, एक लाकडी ठोकळा खिळ्यांनी ठोकलेला होता. पाय पूर्ण दाबला तरी पेडल अर्ध्यावरच अडायचं! मला वाटायचं ते तिथेच संपतं. मी याच गाडीवर शिकले, मला काय माहीत? ड्रायव्हरलाही गाडी तशीच मिळाली, त्यालाही वाटलं म्हातारीचा जीव एवढाच. मामा हाताने थेट पंपाचा दांडा ओढायचे, म्हणून त्यांना ती डरकाळी ऐकू यायची.

आणि ठोकळ्याला हिरवा रंग होता.

आईने तो उपटला, हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि थेट घरात गेली. स्टूल घेऊन आली. आखूड पायाखाली ठोकळा धरला. केसभरही फरक नाही. ती म्हणाली, "मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या सुताराला शिव्या घालतेय!" मामा हसून हसून खाली बसले. आईला आठवलंसुद्धा. मला पहिल्यांदा गाडी शिकवणार होतात, त्याच्या आदल्या दिवशी स्टुलाचा पाय चिरलाय, सुताराकडून कापून आणतो, असं सांगून तुम्ही स्टूल नेलं होतं.

मीही खूप हसले. मग ते दोघं चहाला गेले आणि मी ठोकळा घेऊन कॅबिनमध्ये एकटी बसले. तेव्हा मात्र डोळे भरून आले. तुम्ही मला कधी "जपून चालव" म्हणाला नाहीत. शिकवताना नुसते ओरडायचात. पुढे मी काचा न्यायचं म्हटलं तर म्हणालात, "काच आणि तू एका गाडीत नको." मला किती राग आला होता. आणि तुम्ही आपलं गुपचूप स्टुलाचा पाय कापून माझ्या पायाखाली ठोकून ठेवलात, आणि विसरलात. मग गाडी दमली म्हणून तिलाच विकायला निघालात! तुमच्यावर चिडावं तरी कसं?

मामा मात्र दुखावलेत. त्यांचं म्हणणं, तो ठोकळा फक्त बूच होता, बाटलीत माल त्यांनीच भरला. खरंच आहे ते. नुसता ठोकळा काढून टाकीचं वळण चढलं नसतं. आल्यावर त्यांना तसं सांगा, सात पिढ्या आठवण ठेवतील.

तर आता दुसरी गोष्ट. बाबा, ड्रायव्हर नाही. तुम्ही दादाकडे गेलात त्याच आठवड्यात त्याला बसवर नोकरी लागली. तेव्हापासून गाडी मी चालवतेय. वाळूची पोती मी नेली. टाकीजवळ घाबरलेला ड्रायव्हर मीच. बुधवारी काचा मीच नेल्या. हे मी तुमच्यापासून लपवलं, कारण मला वाटलं तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानिशी उठून याल.

तुमचं दुसरं पत्र चढाच्या आदल्या दिवशीच आलं होतं. मी ते उघडलं नाही. भंगारवाल्याशी बोलणं पक्कं झालं असं त्यात असेल तर माझा पाय लटपटला असता. शाळेत काचा उतरवल्या, मग पायरीवर बसून फोडलं. आत एकच ओळ.

"चढावर गिअर टाकताना ड्रायव्हरला म्हणावं ओठ चावू नको, मागे रक्त आलं होतं."

मी आरशात पाहिलं. ओठ फुटलेलाच होता. आईला पत्र दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, तो मुलगा बसवर जाण्याआधी यांनाच विचारून गेला असणार." हे माझ्या डोक्यातच आलं नाही! तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही ड्रायव्हरला निरोपावर निरोप पाठवत राहिलात. कमाल आहे तुमची.

काकांच्या बऱ्याच खेपा आता आपल्याच आहेत. भंगारवाल्याला मी काही कळवलेलं नाही. ते तुम्ही कळवायचं. आणि शेवटची खेप मी मुद्दाम राखून ठेवलीय. गुडघा बरा झाला की या. तुम्ही शेजारच्या सीटवर बसायचं, आणि ओरडायचं नाही. ओरडलात तरी चालेल.

ठोकळा सध्या स्टिअरिंगच्या पुढे काचेखाली ठेवलाय. आईला तो परत हवाय, पण ती म्हणते, ज्याने कापला त्यानेच येऊन बसवायचा, तोवर स्टूल असंच डुगडुगू दे. तेव्हा लवकर या.

आणि काळजी करू नका.

ठोकळा काढल्यावरही हळूच चालवणारी,
तुमची ड्रायव्हर
भिंगरी