लहान बरणी, मोठी बरणी

टिकेशचे बाबा,

माझ्या आईचं तोंड सुजलं. तिले घेऊन मी गोंदियाले दवाखान्यात चालली.

काल मी पाहिलं. गुडघेदुखीच्या गोळ्या वळताना तुमी आधी लहान बरणी भरली, मग उरलेल्या चूर्णात स्टेरॉइड कुटून मिसळलं. तिबेटी जडीबुटी अन् विलायती अर्क सांगून लोकायले हेच चारता? शिसारी आली मले. निर्वासितायच्या कॅम्पातल्या ज्या म्हाताऱ्या तिबेटी वैद्यानं तुमाले खल धरायले शिकवलं, त्याचा फोटो तरी भिंतीवरून काढा.

लहान बरणी तुमच्या आईची. तिले दुसरी गोळी देऊ नको म्हणून किती बजावलं मले! मले वाटलं, त्या बरणीत महागाची जडीबुटी असन. माझ्या आईले मी मोठ्या बरणीतल्याच देत राहिली.

भात झाकला आहे. जेवल्यावर तुमच्या आईले गोळी तुमीच द्या. हिंमत असन तर मोठ्या बरणीतली द्या.

योगेश्वरी