लहान हाताची मूठ

आई, तुझा तांदळाचा पत्र्याचा डबा अजून माझ्याकडेच आहे. टिटवाळ्याच्या या नव्या घरात सगळं काचेचं नि स्टीलचं, त्यात तो गंजक्या झाकणाचा डबा ओट्यावर ठाण मांडून बसलेला असतो. येणारेजाणारे नाक मुरडतात. मी तो टाकत नाही.

वर्तकनगरच्या आपल्या दोन खोल्यांत भात टाकण्याआधी तू रोज त्यापासूनच सुरुवात करायचीस. डोळे मिटून, प्रभूचं नाव घेऊन, देवासाठी एक मूठ तांदूळ त्या डब्यात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घराघरांतले असे तांदूळ चर्चमध्ये जमायचे आणि ज्यांना नड असेल त्यांना मिळायचे. पप्पांची कंपनी बंद पडली, त्या वर्षी ते तांदूळ आपल्याही घरी आले असते. पण तू मागितले नाहीस. उलट एका सकाळी मला हाक मारलीस. मी सात वर्षांची. "ये गं, आजपासून मूठ तू टाकायचीस. लहान हाताची मूठ देवाला जास्त आवडते. डोळे मिट आधी."

मी हरखून गेलेले. एकदा तर जोशात येऊन दोन्ही हातांची ओंजळच भरून टाकली. तू स्टोव्ह बारीक केलास, डब्यात हात घातलास आणि जास्तीचे तांदूळ परत काढून घेतलेस. "एकच मूठ सांगितली होती ना? शहाणपणा नको." देवाला दिलेलं परत घेतलंस म्हणून मला तुझा इतका राग आला की दुपारी मी जेवले नाही, आणि तू समजूत काढायलाही आली नाहीस. त्या रविवारी तांदूळ गोळा करणाऱ्या बाई पिशवी हातात तोलून म्हणाल्या, "या वेळी एवढेच?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझ्या हाताची मूठ आहे." बायका हसल्या. तू मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस.

तुझी मान का खाली गेली ते कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला. पुरी मूठ परवडत नव्हती आणि मूठ टाकणं थांबवणं तुला जमत नव्हतं. मी तुला चारचौघांत उघडं पाडलं, आणि त्याची माफी मागायची राहूनच गेली.

मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. सुरुवातीला मी मूठ टाकत होते, प्रार्थनाही अगदी ठरल्या वेळी करत होते. हात ढिम्म हलेना. मग एका सकाळी तांदूळ घेतले आणि मूठ न काढताच धुऊन टाकले. रागानेच. राग तुझ्यावर होता की देवावर, सांगता येणार नाही. आठ महिने डबा रिकामा राहिला.

ह्यांचा व्यायाम घ्यायला येणारी मुलगी मध्यंतरी म्हणाली, "काकू, तो बॉल दाबून काका बोअर झालेत. काहीतरी कामाचं द्या ना पकडायला." मी भाताचे तांदूळ ह्यांच्या पुढ्यात ठेवले, शेजारी तुझा डबा. "एक मूठ टाका यात." ह्यांनी डावा हात पुढे केला. मी म्हटलं, "तो नाही. देवाला ह्या हाताची जास्त आवडते." तुझंच वाक्य, आई, आणि तोंडातून निघाल्यावर मला हुंदका आवरेना. ह्यांची बोटं कशीबशी वळली. बरेचसे दाणे मांडीवर सांडले, दहा-बारा डब्यात पडले. हे डब्यात डोकावून म्हणाले, "उ... उद्या परत." झटका आल्यापासून ह्यांनी उद्याचं नाव काढलं नव्हतं.

परवाच्या रविवारी कल्याणच्या चर्चमध्ये मी पिशवी पुढे केली. "एवढेच?" तिथल्या बाईंनी विचारलंच. "ह्यांच्या उजव्या हाताची मूठ आहे," मी सांगितलं. मान खाली घातली नाही. तुझ्या वाटचीही वर ठेवली.

हे पत्र घडी घालून डब्याखाली ठेवते आहे. एक मात्र तुला सांगायला हवं. हे मूठ टाकतात तेव्हा मी अजून डोळे मिटत नाही. ह्यांच्या बोटांकडे बघत बसते.