शेवटचा बाण

३ फेब्रुवारी, सोमवार
वेणी आज तिसऱ्या दिवशीही आली नाही. (दोन लांबलचक वेण्या, म्हणून मीच ठेवलेलं नाव.) संध्याकाळी तिच्या आईचा फोन — "बाई, कुणी केलं ते कळल्याशिवाय शाळेत पाऊल टाकणार नाही म्हणते."
तो फोटो आज मी पाहिला. वर्गात बाकावर डोकं टेकून झोपलीय, तोंड उघडं, ओठाच्या कडेला लाळ. खाली लिहिलंय — 'आमची हुशार मुलगी'. सातवीच्या घराघरांतल्या फोनवर फिरतोय!
आणि फोन जबाबदारीने कसा वापरावा, हा तास कोण घेतं? मी!

४, मंगळवार
मुलांना म्हटलं, शिक्षा नाही. चिठ्ठीवर एवढंच लिहा — फोटो मला कुणाकडून आला. फळ्यावर बाण काढत मागे मागे जाऊ. शेवटचा बाण जिथे पोचेल, त्याने वेणीच्या घरी जाऊन माफी मागायची.
"कुणीही असलं तरी?" — सतत वाद घालणाऱ्या आमच्या वकिलीणबाई, दुसऱ्या बाकावरून.
"कुणीही असलं तरी."
विज्ञानाच्या बाई हसल्या. "शिकवताय की चौकशी आयोग नेमलाय?" हसू देत. मी हटणार नाही.

५, बुधवार
एकतीस चिठ्ठ्या. सहा कोऱ्या.

६, गुरुवार
कोऱ्यांमधले चौघे मधल्या सुट्टीत आपणहून आले. फळा बाणांनी भरला.
मग मुलांना माझ्या लहानपणीच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची गोष्ट सांगितली. वसतिगृहात आमच्या खोलीचं दार सताड उघडं असलं, तरी त्या टकटक करून बाहेर थांबायच्या. आम्ही दहा वर्षांच्या चिमुरड्या — आणि त्या आमची परवानगी मागायच्या! अजून तो आवाज कानात आहे. म्हटलं, कुणाचा फोटो पुढे पाठवण्याआधी तेवढंच करायचं. टकटक.
वकिलीणबाई उभ्या राहिल्या, कान लालबुंद. "खालची ओळ माझी. पण फोटो मी नाही काढला! मोठ्या फोटोत ती कोपऱ्यात होती, मी फक्त कापला."
मोठा फोटो कुठला?
"आईच्या फोनवर आलेला. बघून सांगते."

७, शुक्रवार
चिठ्ठी तिने वर्गात दिली नाही. जिन्यात गाठून हातात कोंबली. 'पालकांचा ग्रुप. वाचनतासाचे फोटो. पाठवणाऱ्या — बाई, तुम्ही.'
पंधरा फोटो एकदम टाकले होते मी. एकही नीट न बघता. किती कौतुकाने!
"मी कुणाला सांगणार नाही, बाई."
"मी सांगणार आहे."
वर्गात गेले. शेवटचा बाण काढला. टोकाशी लिहिलं — मी.

८, शनिवार
वेणीच्या घराचं दार उघडंच होतं. टकटक केली आणि थांबले.
आतून तिचाच आवाज — "कोण?"
"तो फोटो टाकणारी," म्हटलं.