कपाटातला हिनोका

भोर,
९ ऑगस्ट २००४

ती. अम्रीन आपास,
इरफानचा सलाम. वि. वि.

आपा, गेल्या सोमवारी दुपारी अब्बांनी नव्या कॅमेऱ्याचा खोका उघडला, आत बघितलं आणि मला एवढंच विचारलं की जुन्यातला रोल काढला होतास का. त्या घडीपासून माझं सगळं बदललं. आज आठवा दिवस. अब्बा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ताट वाढतात, पाण्याचा तांब्या ठेवतात आणि उठून स्टुडिओत जातात.

पहिल्यापासून लिहितो. मधूनच सांगितलं की तू मधूनच रागावतेस.

नसरापूरच्या गुलफशाचं तुला माहीत आहे. तू हसतेस, तरी माहीत आहे. तिचे वडील दस्तगीरचाचा तिला म्हणाले की पोरगा कॉलेज अर्धं टाकून आलेला आणि बापाचं दुकान रोलवर चालणारं. दोन वर्षांत रोल बंद होतील, मग काय हवेचे फोटो काढणार का? शिरवळच्या एका घरातून मागणी आलेली आहे आणि ऑगस्टच्या अखेरीला त्यांना उत्तर द्यायचंय. पण अब्बांनी दुकान डिजिटल केलं आणि स्वतः लग्नाचा पैगाम घेऊन आले तर मी नाही म्हणणार नाही, असंही चाचा म्हणाले. हे सगळं तिनं मला नसरापूरच्या स्टँडवर भोरची गाडी लागेपर्यंत सांगितलं. मी ऐकत कसला होतो, तिच्याकडे बघत होतो. पण एवढं कळलं.

अब्बांना डिजिटलबद्दल तीनदा बोललो. तिन्ही वेळा म्हणाले, बघू. त्यांचं बघू म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. चहा एकाच पुडीचा, दाढीचं पातं एकाच नावाचं आणि कॅमेरा हिनोका. एकदा अख्ख्या लग्नाच्या फोटोंवर डाग आले, तर पाण्याला शिव्या, रोलला शिव्या, हिनोकाला नाही. डोंगरातली माणसं आपल्या दुकानाची पाटी वाचत नाहीत, हिनोकाचं दुकान कुठं म्हणून विचारतात, याचं त्यांना केवढं कौतुक!

पुण्यात एका दुकानात जुना कॅमेरा द्या, नवा घ्या अशी योजना लागली होती. अब्बांचा रोजचा कॅमेरा मी नाही घेतला. अम्मी गेल्यापासून कपाटात पडून असलेला जुना हिनोका घेतला. दुकानात हिनोकाचाही डिजिटल होता, पण दुप्पट किमतीचा, आणि पडदा एवढासा. त्याच्या शेजारी ओरेक्स. मोठा पडदा, चार मेगापिक्सेल, काढला की लगेच फोटो दिसतो. नावात काय आहे आपा? फोटो तर माणसाचाच येणार ना? मी ओरेक्स घेतला. जुन्याचं झाकण तिथल्या पोरानं उघडलं तेव्हा आत रोल निघाला. त्यानं ओढून काढला. असेल कुठल्यातरी बारशाचा.

आता अब्बा नसरापूरला गेले नाहीत तर माझं काय होईल? पैगाम मोठ्यांनीच न्यायचा असतो. तू त्यांना लिही. तुझं ऐकतात. बूथवरून फोन करणार होतो, पण तिथं मागं पाच माणसं कान लावून उभी असतात.

फरहानभाईंना सलाम. तुझ्या छोट्याची टोपी शिवून झाली का? रागवायचं तेवढं रागव, पण लिहायचं थांबवू नकोस.

तुझा धाकटा,
इरफान


वेल्हे,
१४ ऑगस्ट २००४

चि. इरफानला,
आपाची खूप खूप दुवा.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीवरची भाकरी जळाली तरी मी उठले नाही. फरहान बाहेरून आले, त्यांनी तवा उतरवला आणि काय झालं म्हणून विचारलं. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

तो रोल बारशाचा नव्हता. त्यात अम्मी होती.

तू तेव्हा पुण्यात होतास, म्हणजे कॉलेजात होतास असं आम्ही समजत होतो. अम्मीला फोटोचा किती धाक ते तुला आठवतं. तालुक्यातल्या प्रत्येक भिंतीवर अब्बांनी काढलेला कुणाचातरी फोटो आहे आणि आपल्या घरात अम्मीचा एक नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. लग्नात कुणी कॅमेरा धरला की ती पदर ओढायची नाहीतर थाळी घेऊन आत जायची. निवडणुकीच्या कार्डासाठी फोटो काढणारे आले, त्या दिवशी ती मुद्दाम माहेरी गेली. अब्बा सव्वीस वर्षं विनवत होते.

बकरी ईदला मी भोरला होते. अम्मीनं बिछाना धरलेला नव्हता, पण दुखणं मोठं आहे हे तिला कळलं होतं. त्या दिवशी स्वतःहून म्हणाली की काढा एकदाचे, पण घरात तिसरं माणूस नको. मी छोट्याला घेऊन शेजारी जाऊन बसायचे. रंगीत नको म्हणाली, म्हणून काळा-पांढरा रोल घातला. रोज एखादा काढायचे, कधी आठवड्यात नाही. आणि तिनं अब्बांकडून वचन घेतलं की मी बरी झाल्याशिवाय रोल धुवायचा नाही, मला माझं आजारी तोंड बघायचं नाही. ती बरी झाली नाही.

चाळिसावा झाल्यावर मी अब्बांना विचारलं, आता धुवायचा का? तर म्हणाले, चौदाच झालेत, बावीस शिल्लक आहेत, अर्धा रोल धुवायची आपल्यात पद्धत नाही. इरफान, त्यांना पद्धत पाळायची नव्हती रे. त्यांना तिला बघायचा धीर नव्हता. रोल त्या कॅमेऱ्यात होता म्हणून त्यांनी तो कॅमेराच हातात घेणं सोडलं.

आणखी एक सांगते, तुला टोचलं तरी. हिनोकाच्या डिजिटलचं माहितीपत्रक पुण्याहून आणून द्या असं अब्बांनी फरहानना जूनमध्येच सांगितलं होतं. ते नवा घ्यायला तयार होते. फक्त नाव सोडायला तयार नव्हते. तू अजून दोन महिने थांबला असतास तर! पण थांबणं तुला कुठून जमणार? तू तर जन्मलास तोही दोन आठवडे आधी.

मी अब्बांना पैगामाबद्दल लिहिते. तू मात्र तोंड उघडून काही करू नकोस. वेळेवर जेव.

तुझ्यावर जीव टांगलेली,
आपा


भोर,
२२ ऑगस्ट २००४

ती. आपास सलाम.

तुझं पत्र स्टँडवर उभ्याउभ्या वाचलं आणि समोर लागलेल्या पुण्याच्या गाडीत बसलो.

जुना कॅमेरा त्या दुकानात नव्हता. कुणीतरी घेऊन गेलं होतं. मी कॅमेऱ्याचं विचारतच नव्हतो, रोलचं विचारत होतो. पोरगा हसला. म्हणाला, तीन आठवड्यांचा कचरा शोधताय का, आणि सापडला तरी त्याच्यावर उजेड पडलाय, काळ्या पट्टीशिवाय काही नाही. फोटोवाल्याच्या मुलाला हे त्यानं समजावून सांगावं! तरी मी दुकानामागच्या पेटीत हात घालून बघितलं. लोक बघत होते. बघू देत.

आपा, मागच्या पत्रात मी एक लिहिलं नाही. त्या पोरानं रोल आपणहून नाही ओढला. त्यानं मला विचारलं होतं की आत रोल आहे, परत गुंडाळून देऊ का, पाचच मिनिटं लागतील. मी म्हणालो, ओढून टाक. मला चारची गाडी गाठायची होती. ती गाठली तर गुलफशा नसरापूरला शिवणाच्या क्लासवरून सुटताना दिसते. दिसली. लांबून.

पाच मिनिटं, आपा.

परत येताना डोकं ठिकाणावर नव्हतं. नसरापूरला उतरलो आणि सरळ दस्तगीरचाचांच्या टायरच्या दुकानात गेलो. नवा कॅमेरा गळ्यातच होता. तो त्यांच्यासमोर धरला आणि म्हणालो, हे बघा डिजिटल, आता उत्तर द्या. ते पंक्चर काढत होते. मान वर न करता म्हणाले की बेटा, पोरांच्या तोंडून पैगाम येत नसतो, वडलांना घेऊन ये. मी म्हणालो, वडील बोलत नाहीत माझ्याशी. ते म्हणाले, मग ज्याच्याशी बाप बोलत नाही त्याला मी मुलगी कशी देऊ? त्यावर मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. टायरच्या चळतीला लाथ मारली. एक टायर घरंगळत हायवेला गेला आणि एका टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. माणसं जमली. गुलफशा वरच्या खिडकीत होती. तिनं खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून मी निगेटिव्हच्या पेट्या काढून बसलोय. अब्बांनी सगळ्या जपल्यात, वर्षं घालून. ज्या ज्या लग्नात अम्मी गेली असेल ती शोधतो. वरव्याच्या लग्नात एक कोपर सापडलं, तिच्या हिरव्या बांगड्यांचं. कापूरहोळच्या एका दावतीत पाठ. आपल्या शेजारच्या बाळाच्या अकिक्यात पदर, आणि पदराखाली हनुवटी, तीही हललेली. एवढीच अम्मी आहे. अब्बा येतात, बघतात, पेट्या पुन्हा क्रमानं लावतात. 

अब्बांना लवकर लिही. महिना संपत आलाय. मला नावं ठेव, पण मला टाकू नकोस.

इरफान


भोर,
३० ऑगस्ट २००४

चि. सौ. अम्रीनबेटीस,
अब्बांची दुवा. तुमची सर्वांची खुशाली कळावी.

तुझं पत्र पोचलं. काल नसरापूरला जाऊन आलो. कोट घातला होता, तुझ्या अम्मीनं दुरुस्त केलेला. दस्तगीरभाईंनी मान दिला, चहा पाजला. टायरचं ते हसण्यावारी नेतात. पण शिरवळकरांना त्यांनी शुक्रवारीच होकार दिला आहे. मला दोन दिवस उशीर झाला. मी आधी जायला हवं होतं.

इरफानला हे सांगायचं माझ्यानं होत नाही. तू लिही. रागावून लिहू नको, तो नीट जेवत नाही. मी त्याच्याशी बोलत नाही हे खरं आहे. तोंड उघडलं तर त्यातून काय निघेल याची मला भीती वाटते. निघालेलं परत आत घालता येत नाही.

डोंगरातला हैबती धनगर दाखल्यासाठी फोटो काढायला आला होता. इरफाननं नव्या कॅमेऱ्यात काढून लगेच दाखवला. हैबती म्हणाला, लतीफभाई, ह्यो म्या न्हाई, माजा बा हाय, आन् तुमचा हिनोका कुठं गेला? मी त्याला दुकानाबाहेर चहाला नेलं.

छोट्याच्या डोक्यावर माझा हात आहे असं समज.

लतीफ


भोर,
१२ सप्टेंबर २००४

ती. आपास,
इरफानचा सलाम.

तुझं पत्र मिळालं. अब्बांचं कार्ड तू आत घालून पाठवलंस ते बरं केलंस. तुझ्या शब्दांवर मी भांडलो असतो, त्यांच्या अक्षरावर कसा भांडणार?

आधी डोकं फिरलंच. ओरेक्स घेतला आणि कापूरहोळच्या फाट्यापर्यंत गेलो. मनात होतं की शिरवळला जायचं, त्या मुलाला गाठायचं. धाब्यावर बसलो. चहा आला, गार झाला. समोरून नसरापूरची गाडी गेली, साताऱ्याची गेली. त्या मुलानं माझं काय बिघडवलंय? तिचा निकाह दिवाळीनंतर आहे म्हणतात. तिनं कुणाच्याही हाती निरोप पाठवला नाही. मी शेवटच्या गाडीनं नाही, दुपारच्याच गाडीनं घरी आलो.

अब्बा डार्करूममध्ये होते. काम काही नव्हतं. लाल दिवा लावून रिकाम्या ट्रेसमोर बसले होते. मी आत गेलो आणि उभा राहिलो. मग मी त्यांना सांगितलं की त्या पोरानं विचारलं होतं, मीच ओढून टाक म्हणालो. त्यांना वाटत होतं की मला माहीतच नव्हतं आत रोल आहे. मी म्हणालो, मारा मला. त्यांनी नाही मारलं. म्हणाले, बस.

आणि मग ते बोलले, आपा. एकेक करून सांगितले. म्हणाले, पहिला ईदच्या सकाळचा, ती तांदूळ निवडत होती, तिला कळलंच नाही. दुसऱ्यात नुसता तिचा पंजा, कारण कळलं. तिसरा हललेला असणार, मीच घाई केली. चौथ्यात ती वेणी घालत होती आणि दातात रिबीन होती. पाचव्यात छोट्याचं दुपटं खांद्यावर होतं, त्याचा वास घेत होती. सहावा खिडकीजवळचा, उजेड डावीकडून, तो फार चांगला आला असता. सातव्यात तिनं दाराकडे बघितलं. बाहेर एस्टीचा हॉर्न वाजला होता, तिला वाटलं पुण्याहून तू आलास. मी तेव्हा कॉलेजातही नव्हतो, कुठं होतो ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

आठ, नऊ, दहा. अंतर सांगत होते, उजेड सांगत होते, पदर कुठल्या खांद्यावर होता ते सांगत होते. अकराव्यात ती हसली होती. म्हणाले, तोंडावर हात न ठेवता. सव्वीस वर्षांत मी तिचे दात इतके नीट पाहिले नव्हते.

मी बाराव्याची वाट बघत होतो. मला वाटलं, चौदा होईपर्यंत बसायचं, मग बाहेर येऊन सगळे तुला लिहून काढायचे, म्हणजे आपल्याकडे राहतील. पण ते थांबले. मी विचारलं, बारावा? तर म्हणाले की बारा, तेरा आणि चौदा माझ्याजवळ राहू देत. ते मी कुणाला सांगणार नाही. तुलाही नाही, अम्रीनलाही नाही.

मी हट्ट करणार होतो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्या तीन फोटोंकडे बघत होते.

म्हणाले, जा आता. दार लाव.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.

इरफान