बाबांच्या एडिटरचं दोन दिवसांचं काम

२ मार्च, सकाळी ९
संकल्प: बाबांचा जुना एडिटर (लिहायचा प्रोग्राम) नव्या मशीनवर बसवून देणे. मुदत दोन दिवस. तिसरा दिवस फक्त चकाचक करायला.

पार्श्वभूमी लिहून ठेवतो. महिन्यापूर्वी बाबांना झटका आला. वाचा गेली, उजवा हात गेला. डावा हात चालतो, डोकं शाबूत आहे. त्याच आठवड्यात त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरनेही मान टाकली, म्हणून नवा आणला. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी सगळे रिपोर्ट एकाच एडिटरमध्ये लिहिले. घरच्या कॉम्प्युटरवर तो मीच बसवून दिला होता, पहिल्या नोकरीत असताना. त्यांच्या बोटांना त्याच्या कळा पाठ आहेत. नव्या मशीनची सिस्टिम वेगळी, तिथे तो उघडतच नाही.

परवा बाबांनी डाव्या हाताने कागदावर काहीतरी खरडलं. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, अर्थ लावला: याला लिहायचंय. 'याला' म्हणजे मला, बोट माझ्याकडेच होतं. आईबद्दल असणार. आई गेली तेव्हा मला येता आलं नाही, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज होता. सहा वर्षं झाली. आमच्यात तो विषय निघत नाही.

तर बाबांना योग्य साधन मिळालंच पाहिजे. मीही सध्या मोकळा आहे. नोकरी मी स्वतःहून सोडली, फक्त पत्र त्यांनी आधी दिलं.

२ मार्च, संध्याकाळी ६
हिने विचारलं, नव्या मशीनमध्ये लिहायला काहीच नाही का. आहे की, साधं नोटपॅड. त्यात लोक पासवर्ड लिहून ठेवतात, असं म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

मग तिला नीट समजावलं. एडिटर बनवणारी कंपनी बुडाली, पण त्याचा सोर्स कोड फुकट मिळतो. तो जुन्या सिस्टिमसाठी लिहिलेला आहे. त्याला सांगायचं की आता तू इथे आहेस, इथला कीबोर्ड असा, स्क्रीन असा. याला कॉन्फिगर करणं म्हणतात. मग कंपाइल केलं, म्हणजे त्या कोडचा चालता प्रोग्राम केला, की झालं. ती म्हणाली, म्हणजे सासरी नांदायला शिकवणं. उपमा बरी आहे, पण विषय गंभीर आहे, असं तिला सांगितलं.

४ मार्च
दोन दिवस झाले. कॉन्फिगर पहिल्याच पायरीवर थांबतं. ही कुठली सिस्टिम, मला ओळखू येत नाही, म्हणतं. दोष कोड लिहिणाऱ्यांचा आहे. मुदत वाढवली: रविवार.

मशीन बाबांच्याच खोलीत आहे. ते पलंगावरून बघत असतात. मी काम करतोय हे बघून त्यांना बरं वाटत असणार. कीबोर्डवर चिठ्ठी चिकटवली: काम चालू आहे, कोणीही हात लावू नये.

८ मार्च, रविवार
मुदत वाढवली.

वेळापत्रक आखलं. सकाळी १० ते १ काम. दुपारी २ ते ४ झोप (डोक्याचं काम करणाऱ्याला झोप लागतेच). साडेचार ते सात पुन्हा काम. दुपारी बाबांजवळ ताई असतेच. रोज एकला येते, पाचला जाते. त्यांचं जेवण, अंग पुसणं, औषधं सगळं तीच बघते. मुख्य जबाबदारी अर्थात माझ्यावर आहे.

ताईचं म्हणणं, एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत बाराखडी काढू. बाबा एकेका अक्षरावर बोट ठेवतील, तू लिहून घे. रोज तासभर त्यांच्यासमोर बस, एवढंच. मी म्हटलं, सत्तावीस वर्षं रिपोर्ट लिहिलेल्या माणसाला बालवाडीत काय बसवतेस. शिवाय तासभर मी समोर बसलो तर एडिटर कोण करणार. तिला कॉम्प्युटरमधलं कळत नाही.

११ मार्च, संध्याकाळी ७
आनंदाचा दिवस! सिस्टिम ओळखली गेली. आता फक्त एकशे बारा एरर आहेत.

फोल्डरमध्ये पसारा फार झाला होता. नवा नियम: प्रत्येक मोठ्या प्रयत्नाआधी साफसफाई. त्यासाठी एक झकास कमांड आहे. मूळ सोर्समध्ये नसलेलं जे काही फोल्डरमध्ये असेल ते पुसून टाकते, कचरापेटीतसुद्धा ठेवत नाही. काय काय काढलं त्याची भलीमोठी यादी दाखवते. एवढी यादी कोण वाचत बसणार. त्या यादीची नोंद, म्हणजे लॉग, मात्र जपून ठेवतो. शिस्त म्हणजे शिस्त.

१२ मार्च
झोपून उठलो तर बाबांचा चेहरा लाल. डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारून घेत होते. ताई त्यांचा हात धरून बसली होती. काय झालं विचारलं, तर काही नाही म्हणाली. आजाराचाच भाग असावा. एरर सत्याऐंशी.

१६ मार्च
स्पीच थेरपिस्ट बाई आल्या होत्या. बाबांचा डावा हात बघून चकित झाल्या. बोटं एवढी सुटी कशी झाली, काय करवून घेता, असं विचारलं. मी आणलेला रबरी चेंडू दाखवला. ताई काहीतरी बोलणार होती, पण बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि ती थांबली. जाताना बाई दारात म्हणाल्या की दुसरा झटका कधीही येऊ शकतो, तेव्हा जे काही करायचं ते आत्ता करून घ्या. मी म्हटलं, काम शेवटच्या टप्प्यात आहे.

तक्रारी: १) कीबोर्डच्या फटीत बिस्किटाचा चुरा. हिला दटावलं. ती बिस्किटं खात नाही, असं तिचं म्हणणं. २) नोटपॅडमधली अक्षरं आपोआप मोठी झालेली. नव्या सिस्टिमला कसला धरबंध नाही.

२१ मार्च
एरर नऊ. पण खरा प्रश्न टिंगचा आहे.

जुन्या एडिटरमध्ये ओळ संपत आली की टिंग वाजायचं. बाबा रिपोर्ट लिहीत असले की घरभर ऐकू यायचं. आई त्यावरून अंदाज बांधायची आणि शेवटच्या पानाला चहा ठेवायची. नव्या सिस्टिममध्ये टिंग वाजतच नाही. चार दिवस फक्त टिंग करतोय. ही म्हणाली, बाबांना टिंग हवंय का, विचारलंस का. विचारलं तर सरप्राइज काय राहिलं?

संध्याकाळी साफसफाई केली, पहिल्यापासून सुरुवात.

२२ मार्च
बाबा दुपारपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवले नाहीत. ताई म्हणाली, त्यांना वाटतंय की आपलं डोकं आता साथ देत नाही, केलेलं केलं की नाही तेच कळत नाही. मी जाऊन धीर दिला. म्हटलं, तुमचा एडिटर येऊ दे, बघा सगळं कसं आठवतं. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पकड चांगलीच आहे. चेंडूचा गुण.

तिकडे कंपाइल चालू होतं, म्हणून हात सोडवून घ्यावा लागला.

२७ मार्च
टिंग वाजलं! एकदाच, पण वाजलं. हिला बोलावून आणेपर्यंत थांबलं. बाबांनी मात्र मान वर करून बघितलं. म्हणजे ऐकू गेलं.

आज ते एकदम शांत आहेत. चार-पाच दिवस झाले, दुपारनंतर चेहऱ्यावर जरा तरतरी असते. माझ्या कामाचा वातावरणावर परिणाम होतोय, हे उघड आहे.

२ एप्रिल
एरर शून्य. लिहून ठेवतो: शून्य.

एडिटर उघडला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, हुबेहूब. मात्र जोडाक्षरं तुटतात. 'प्रयत्न' लिहिलं तर लंगडं दिसतं. एका रात्रीचं काम आहे, पण रात्री मी काम करत नाही. तत्त्व आहे.

३ एप्रिल
ही म्हणाली, आहे तसाच दाखव ना बाबांना. आजच दाखव. जरा आवाज चढवूनच म्हणाली. मी म्हटलं, तुटकी अक्षरं दाखवू? अर्धवट काम मी आयुष्यात कधी केलं नाही. त्यावर ती बऱ्याच गोष्टी म्हणाली. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्यात आईचाही विषय होता.

संध्याकाळी जोडाक्षरं सुधारली. शेवटचं एकदा सगळं साफ करून कोऱ्या फोल्डरात कंपाइलला लावलं. उद्या सकाळी दहाला उद्घाटन.

४ एप्रिल, सकाळी ११
टिंग पुन्हा गेलं. उद्घाटन दुपारी साडेचारला.

६ एप्रिल
परवा दुपारी बाबांना दुसरा झटका आला. मी झोपलो होतो. ताई होती. तिच्या हाकेने उठलो तेव्हा ते मशीनसमोरच्या खुर्चीत कलंडले होते. तिथे काय करत होते ते विचारायचं राहिलं.

१० एप्रिल, दुपारी
बाबांना घरी आणलं. डोळे उघडे असतात. डाव्या हाताची दोन बोटं हलतात. माणसं ओळखतात की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत.

ताईने स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. मी झोपलो की दुपारी ती बाबांना मशीनसमोर बसवायची. चिठ्ठी बाजूला काढून ठेवायची, नंतर पुन्हा चिकटवायची. नोटपॅड उघडून अक्षरं मोठी करून द्यायची आणि ते एका बोटाने लिहायचे. तासाला चार-पाच ओळी. मध्येच बिस्किट मागायचे. पूर्ण होईपर्यंत मला सांगायचं नाही, अशी त्यांनी खूण केली होती. सेव्ह करताना समोर जो फोल्डर यायचा त्यातच ती 'बाबा' नावाने सेव्ह करायची. फाइल दोनदा नाहीशी झाली. आपण सेव्हच केलं नसणार असं बाबांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलं असणार असं तिला. दोन्ही वेळा त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. तिसऱ्यांदा सगळ्यात जास्त लिहून झालं होतं, अकरा दिवस लागले. चार तारखेला शेवट लिहायचा होता. उघडायला गेले तर ती फाइलही नव्हती.

काय लिहिलं होतं, विचारलं. पहिली ओळ तिला माहीत आहे, कारण तिन्ही वेळा तीच होती: तू आईच्या वेळी आला नाहीस, त्याबद्दल मला. पुढचं तिने वाचलं नाही. ते तुझं होतं, म्हणाली.

मग म्हणाली, तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, तेवढी फाइल शोधून दे.

१० एप्रिल, संध्याकाळी
लॉग काढले. अकरा मार्च, ओळ दोनशे सहा: काढलं, बाबा. एकवीस मार्च: काढलं, बाबा. तीन एप्रिल: काढलं, बाबा. तारीख, वेळ, सगळं नीट आहे.

ताईला सांगितलं की नव्या सिस्टिममध्ये असं होतं कधीकधी. ती म्हणाली, म्हणजे माझी चूक नाही ना. मी म्हटलं, नाही, तुझी नाही. तिला रडू आलं. बरं झालं, सुटलीस, असं स्वतःलाच म्हणत होती. मी पाणी आणून दिलं.

१२ एप्रिल
तीन वाक्यं करून बघितली. त्याबद्दल मला राग नाही. त्याबद्दल मला फार वाईट वाटलं. त्याबद्दल मला तुला माफ करता येत नाही. तिन्ही बाबांच्या तोंडी शोभतात. हिला दाखवणार होतो, दाखवली नाहीत.

झोपायची वेळ होती. बाबांजवळ जाऊन बसलो. तासभर बसलो. करायला दुसरं काही नव्हतं.

१५ एप्रिल, सकाळी १०
एडिटर पूर्ण झाला. एरर शून्य, जोडाक्षरं अखंड, टिंग खणखणीत. काम ठरलं तसंच झालं, फक्त मुदत थोडी वाढली.

बाबांना उशांचा आधार देऊन बसवलं. ताई आणि ही दोघी दारात उभ्या होत्या. निळा पडदा उघडला, कर्सर लुकलुकायला लागला. मी बाबांचा डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि म्हटलं, लिहा बाबा, काय लिहायचं ते लिहा, मी इथेच आहे. त्यांनी पडद्याकडे बघितलं. ओळखला. नक्की ओळखला, कारण दोन्ही बोटं आपणहून सरकली, एक कंट्रोलवर आणि एक क्यूवर. बाहेर पडायच्या कळा. सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी दाबलेल्या.

एडिटर बंद झाला. काही लिहिलेलं असलं तर तो आधी विचारतो, साठवायचं का म्हणून. आज विचारलं नाही.