थोरलीच्या टाकाची कडी

सोमवार, ४ फेब्रुवारी १९३५
आज उद्योगवर्गात पहिल्यांदा डाख, म्हणजे सांध्यावर वितळवायचा धातू, नीट बसला. पितळेचं साधं वळं, पण जोड शोधून सापडेना. सोनारमास्तर म्हणाले, "बाई, हात बरा हाय तुमचा, तोंड मात्र लई चालतंय." विस्तवावर नळी फुंकताना बोलता येत नाही, तेवढंच त्यांना सुख.

नियम पाठ झाले. पदर खोचायचा. नळीतून श्वास आत ओढायचा नाही. काळं दिसलं म्हणून धातू गार झाला असं समजायचं नाही. (बोट भाजलं, तेव्हा समजलं.)

संध्याकाळी विहिरीवर वाकले नि गळ्यातला थोरलीचा टाक दगडावर पडला. कडी तुटली. थोरली म्हणजे यांची पहिली बायको, मूल पोटात असतानाच गेली. तिची ही चांदीची मूर्त लग्नापासून माझ्या गळ्यात. आत काहीतरी खुळखुळतं. सासूबाई दर शुक्रवारी धुतात, कानाशी हलवतात, परत घालतात. मी कधी विचारलं नाही. त्या मैंदर्गीला लग्नाला गेल्यात म्हणून वाचले. शुक्रवारी येतील.

मंगळवार, ५
यांना सांगितलं. म्हणाले सराफाकडे देऊ. म्हणजे गावभर बोभाटा. मीच जोडीन म्हटलं. मग म्हणाले, "तिला विस्तवाजवळ नेऊ नकोस." टाकाला नाही. तिला.

पाचवा महिना सरत आला, पोटात अजून हालचाल नाही. सुईण म्हणते होईल. सासूबाई म्हणतात थोरलीला सांभाळू दे. मला भीती वाटते तिची, खरं सांगायचं तर.

टाक ज्वारीच्या डब्यात ठेवलाय. दुपारी स्वयंपाकघरात कोणी नसताना डब्यातून खुळखुळ. उंदीर असेल.

बुधवार, ६
मास्तरांनी टाक कानाशी धरला नि माझ्या हातातली नळीच काढून घेतली. "पोकळ हाय की हे! बंद पोकळ वस्तू आगीला लावायची न्हाय. आतली हवा फुगती नि फुटतंय. माज्या भावाचा डोळा गेला तसाच. आदी भोक पाडा, आतल्याला भायेर येऊ द्या."

आतल्याला, म्हणे.

मूर्तीच्या पाठीवर सुईचं टोक ठेवलं. हातोडीचा एक टोला. गालाला बारीक गार हवा लागली. शेगडीपुढे बसलेली मी, गार कुठून लागेल? टाकणखार लावला, डाखाचा तुकडा ठेवला, फुंकलं. डाख वितळून सांध्यात पळाला, कडी बसली. इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं.

गार झाल्यावर हलवला. आवाज नाही. भोकातून काही पडलंही नाही.
"लाखेचा खडा असंल, जळला," मास्तर म्हणाले. लाख जळली तर वास येतो. वास नव्हता.

घरी येताना गिरणीचा भोंगा झाला, तेव्हाच पोटात पहिल्यांदा हललं. रस्त्यातच रडले आनंदानं. मग रडू आपोआप थांबलं. कारण ते हलणं... खुळखुळल्यासारखं होतं.

शुक्रवार, ८
सासूबाई आल्या. पायावर पाणी घेतलं नि आधी टाक. धुतला. कडी जोडलेली आहे हे कळलंसुद्धा नाही त्यांना. कानाशी हलवला. परत हलवला.
"पोर कुटं गेलं?"
"कुठलं पोर?"
"थोरलीच्या पोटातलं. आत चांदीचा दाना घालून घेतला हुता मी, मायलेकरू एकत्र ऱ्हावं म्हून."

चांदी जळत नाही. दाणा सुईच्या भोकातून बाहेर पडत नाही. आत डाखानं चिकटला असेल, दुसरं काय. हे सांगणार होते. पण माझा हात नकळत पोटावर गेला, आणि सासूबाईंनी तो पाहिला.

रविवार, १०
टाक आता त्या हलवत नाहीत. परवापासून माझ्याच पोटाला कान लावतात. आज हसल्या. "थोरलीचं हाय. नीट जप."
मला इतका राग आला! "माझं आहे ते," म्हटलं. मोठ्यानं, टाक मुठीत धरून.

तेव्हापासून पोटात हललेलं नाही. दिवेलागण झाली. कुशीवर पडून पाहिलं, गूळ खाऊन पाहिला.

मघाशी माजघरात गेले, देवापुढे. म्हटलं, थोरले, बरं. तुझंही.

अजून पोटावर हात ठेवून वाट बघत बसले आहे.